छायाचित्रण, जलांतर्गत

समुद्र, सरोवर वा नदी यांच्या पृष्ठाखाली कॅमेरा नेऊन तेथील जीवांची आणि त्यांच्या अधिवासाची छायाचित्रे घेण्याच्या तंत्रास जलांतर्गत छायाचित्रण असे म्हणतात. मत्स्यालयाच्या काचेतून किंवा नौकेच्या तळाशी बसविलेल्या खिडकीतून घेतलेली चित्रेही सैलपणे याच नावाने ओळखली जातात. प्रस्तुत नोंदीत मात्र मुख्यतः पाणबुड्याने स्वतः बुडी मारून किनाऱ्यालगतच्या समुद्रात केलेल्या छायाचित्रणाचा इतिहास दिला आहे. या तंत्राचा पाया १८९३ ते १९०० या काळात फ्रान्सच्या भूमध्य सामुद्रिक किनाऱ्यावरील बान्यूल्स-स्यूर-मेर या लहानशा गावी लूई बूतां (१८५९–१९३४) या प्राणिशास्त्रज्ञांनी घातला. त्यांच्यापूर्वी झालेले प्रयत्न तुरळक होते आणि त्यांच्यानंतर सु. पाव शतक या क्षेत्रात त्यांच्या तोडीचे काम झाले नाही. त्यामुळे या इतिहासात त्या किनाऱ्याला व त्या प्रयोगशाळेला अधिक जागा देणे उचित ठरते.

पाण्यातील प्रकाश : जमिनीवर वापरावयाचा कॅमेरा जलरोधी पेटीत घालून पाण्यात नेला की काम भागले, अशी समजूत प्रारंभी होती. ती खरी नाही, कारण पाणी हे माध्यमच प्रकाशाला वेगळी वागणूक देते. पाण्याचा प्रणमनांक सु. १.३३ असल्याने सपाट काचेच्या खिडकीतून पाहिलेली वस्तू खऱ्या अंतराच्या सु. तीन-चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी व सु. एक-तृतीयांशाने मोठी दिसते. भिंगाचे दृष्टिक्षेत्र त्याच प्रमाणात अरुंद होते आणि चित्राच्या कडांशी रंगांचे विपथन दिसू लागते. मासा चार मीटरांवर असल्याचे फितीने मोजले, तरी भिंग तीन मीटरांवर लावावे लागते. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे प्रारंभीच्या अनेकांच्या काचपट्ट्या वाया गेल्या.

दुसरी अडचण रंगांची. पाणी वर्णपटातील तांबड्या बाजूच्या किरणांचे शोषण प्रथम करते. स्वच्छ समुद्रातही पाच-सहा मीटरांच्या खाली तांबडा रंग बराचसा नाहीसा होतो, त्यानंतर नारिंगी व पिवळा मावळतात आणि शेवटी निळ्या-हिरव्या छटाच उरतात. तीस मीटर खोलीवरचे तांबडे प्रवाळ पाणबुड्याच्या डोळ्यांना काळपट दिसते. त्याच्यावर कृत्रिम प्रकाश टाकला, म्हणजेच त्याचा रंग प्रकट होतो. तिसरी आणि सर्वांत चिवट अडचण प्रकीर्णनाची. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळ व वाळूचे कण प्रकाश चहूकडे उधळतात व चित्रावर जणू धुक्याचा पडदा येतो. यावर प्रखर दिवा हा उपाय नव्हे, कारण दिव्याचा प्रकाशही तेच कण परत फेकतात. कॅमेरा व वस्तू यांमधील पाणी कमी करणे, म्हणजे जवळ जाणे, हाच खरा उपाय होय. यांशिवाय दर १० मी. खोलीस सु. एक वातावरण इतका दाब वाढतो आणि पेटीचा सांधा जरासा कच्चा असला, तरी पाणी आत शिरते.

आरंभीचे प्रयत्न : इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील विल्यम टॉम्पसन या निसर्गप्रेमी वकिलांनी १८५६ मध्ये वेमथच्या उपसागरात एका लाकडी पेटीत कॅमेरा घालून तो नौकेतून सु. ५.५ मी. खोल सोडला. पेटीच्या पुढील बाजूची झडप दोरीने उघडून त्यांनी सु. दहा मिनिटे उद्‌भासन दिले. पेटीत पाणी शिरले, तरी काचपट्टीवर खडक व शैवल यांची पुसट आकृती उमटली. पाण्याखाली घेतलेले हे पहिले ज्ञात छायाचित्र होय. टॉम्पसन यांचा हेतू व्यावहारिक होता. वादळानंतर पुलाच्या पायाची तपासणी पाणबुडा न उतरवता कमी खर्चात करता यावी, अशी त्यांची कल्पना होती. त्या काळी ओल्या कलोडियनाची काचपट्टी वापरीत. ती वाळण्यापूर्वी उद्‌भासन व विकसन दोन्ही उरकावे लागे. अशा पट्टीने समुद्रतळावर काम करणे जवळजवळ अशक्य होते. जिलेटिनाच्या कोरड्या काचपट्ट्या १८८० च्या सुमारास बाजारात सहज मिळू लागल्यावरच या विषयाला पुढे वाट मिळाली.

छायाचित्रणाशी संबंध नसला, तरी आणखी एका प्रयत्नाचा उल्लेख येथे करावयास हवा. १८४४ मध्ये आंरी मिल्न-एदवार्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी सिसिलीच्या किनाऱ्यावर शिरस्त्राण घालून व वरून पंपाने हवा घेऊन समुद्रतळावर प्राणी गोळा केले. शास्त्रज्ञाने संशोधनासाठी स्वतः तळावर उतरल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. तोपर्यंत समुद्रतळाचे प्राणी जाळ्याने वा तळखरडणीने वर काढले जात आणि वर येईपर्यंत त्यांची मोडतोड झालेली असे. समुद्रपुष्पे आक्रसून गोळा होत, मृदुकाय प्राणी शिंपल्यात मिटून बसत आणि मद्यार्काच्या बरणीत पडल्यावर सर्वांचाच रंग उडे. प्राणी त्याच्या जागी कसा राहतो, हा प्रश्न बरणीपुढे बसून सुटणारा नव्हता.

बान्यूल्सचा किनारा : फ्रान्स व स्पेन यांच्या सरहद्दीवर पिरेनीज पर्वताची पूर्वेकडील शेवटची सोंड थेट भूमध्य समुद्रात उतरते. तिच्या उत्तरेस रूसीयाँचा सखल, वालुकामय व खाजणांनी भरलेला किनारा सरळ रेषेत पसरलेला आहे. डोंगर समुद्रास भिडताच मात्र सारे बदलते. सुभाजा खडकांचे कडे, त्यांमधील लहान लहान खाड्या, गोट्यांच्या पुळणी व पाण्यात बुडालेल्या कपारी एकामागून एक येतात. पाण्याखालीही तितकीच विविधता आहे. उथळ खडकांवर शैवलांचे दाट आच्छादन, त्याखाली वाळूत रुजलेल्या पोसिडोनिया या समुद्रतृणाची कुरणे आणि आणखी खोल, जेथे प्रकाश मंद होतो तेथे, चुनखडी स्रवणाऱ्या तांबड्या शैवलांनी शतकानुशतके रचलेले थर. या थरांच्या कपारींत गॉर्गोनिया, स्पंज व तांबडे प्रवाळ वाढते. काही शे मीटरांच्या टापूत इतके भिन्न अधिवास सापडणे, ही प्राणिशास्त्रज्ञाला पर्वणीच म्हणावी लागेल. त्रामोंतान नावाचा वायव्येचा कोरडा वारा सुटला, की मात्र कित्येक दिवस नौका पाण्यात घालता येत नाही.

या किनाऱ्यावर आंरी द लाकाझ-द्युत्ये (१८२१–१९०१) यांनी १८८० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आरागो प्रयोगशाळा उभारली. त्यांनी १८७२ मध्ये ब्रिटनी प्रांतातील रॉस्कॉफ येथे एक सागरी प्रयोगशाळा आधीच काढली होती. दोन्ही ठिकाणांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. रॉस्कॉफला मोठ्या उधाणाच्या ओहोटीस पाणी सु. आठ-नऊ मीटरांनी उतरते आणि विद्यार्थी टोपली घेऊन समुद्रतळावर पायी हिंडू शकतो. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. तेथे समुद्र आपला तळ कधीच उघडा करीत नाही. बान्यूल्सला तळ पाहावयाचा, तर पाण्याखाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. जलांतर्गत छायाचित्रणाचा उगम अटलांटिकच्या किनाऱ्यावर न होता येथे झाला, याचे एक कारण या भौगोलिक परिस्थितीत शोधता येते.

प्रयोगशाळेच्या नावातही एक योगायोग दडलेला आहे. फ्रांस्वा आरागो (१७८६–१८५३) हे याच भागात जन्मलेले ज्योतिर्विद होत. १८३९ च्या जानेवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दागेअर यांच्या छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा त्यांनीच केली होती.

लूई बूतां यांचे कार्य : बूतां हे पॅरिस विद्यापीठात अध्यापक होते आणि मृदुकाय प्राणी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पाणबुड्याचा पोशाख घालून उतरण्यास ते १८८६ च्या सुमारास शिकले. समुद्रतळावर दिसणारे दृश्य शब्दांत पकडता येत नाही व चित्रकारास खाली नेता येत नाही, म्हणून छायाचित्राचा विचार त्यांच्या मनात आला. त्यांचे बंधू ऑग्यूस्त हे अभियंता होते. त्यांनी पहिल्या उपकरणाचा आराखडा केला व प्रयोगशाळेतील यंत्रज्ञ झोझेफ दाव्हिद यांनी ते घडविले. १८९३ मध्ये हे उपकरण प्रथम पाण्यात उतरले.

हा कॅमेरा एका तांब्याच्या पेटीत बसविला होता. पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा नळीने जोडलेला असे. खोली वाढेल तसा पाण्याचा दाब फुग्याला पिळून त्यातील हवा पेटीत ढकली. त्यामुळे आतील व बाहेरील दाब सारखा राही आणि सांध्यांतून पाणी आत शिरण्याची ओढच उरत नसे. एवढ्या साध्या युक्तीने दाबाचा प्रश्न सुटला. टॉम्पसन यांची पेटी जेथे हरली होती, तेथे ही टिकली. पुढील अनेक संशोधकांनी जाड भिंतींच्या जड पेट्या वापरल्या. त्या मानाने बूतां बंधूंचा उपाय अधिक चतुराईचा होता, असे म्हणावे लागते.

प्रकाशाचा प्रश्न इतक्या सहजी सुटला नाही. नैसर्गिक प्रकाशात काही चित्रांना अर्ध्या तासापर्यंत उद्‌भासन द्यावे लागे. वर नौकेतील माणसे हवेचा पंप चालवीत आहेत आणि खाली शिशाच्या तळव्यांचे जोडे घातलेला शास्त्रज्ञ तिवईवरील कॅमेऱ्याजवळ अर्धा तास निश्चल उभा आहे, असे हे छायाचित्रण होते. पाय हलला, की गाळ उठे आणि तो बसेपर्यंत थांबावे लागे. अशा रीतीने खडक, शैवल, स्पंज व गॉर्गोनिया यांची चित्रे मिळत. मासा मात्र पट्टीवर उमटतच नसे. भिंगापुढे निळी काच लावली, तर चित्रे अधिक स्पष्ट येतात, असे बूतां यांना अनुभवाने आढळले.

कृत्रिम प्रकाशासाठी शोफूर नावाच्या विद्युत् अभियंत्यांच्या साहाय्याने त्यांनी एक दिवा करवून घेतला. प्राणवायूने भरलेल्या काचेच्या फुग्यात मॅग्नेशियमाची तार ठेवून ती विजेच्या प्रवाहाने पेटविली जाई. पुढे छायाचित्रकारांच्या नित्य वापरात आलेल्या फ्लॅशच्या बल्बाचा हा पूर्वज होय. परंतु त्याचा प्रकाश अनियमित असे व काच फुटण्याचा धोकाही मोठा होता. मग दाव्हिद यांनी दुसरी योजना केली. सु. २०० लि. मापाच्या पिंपात प्राणवायूमिश्रित हवा भरून त्याच्या माथ्यावर काचेच्या घंटेखाली मद्यार्काचा दिवा ठेवला आणि रबरी चेंडू दाबून मॅग्नेशियमाची पूड ज्योतीवर फुंकण्याची सोय केली. हे पिंप वजने बांधून तळाशी न्यावे लागे. उपकरण अवजड खरे, पण त्याने काम दिले.

१८९८–९९ मध्ये बूतां यांनी मोठ्या काचपट्ट्यांचा व सुधारित भिंगाचा नवा कॅमेरा वापरला. उथळ पाण्यात, भर उन्हात, जलद पट्ट्यांवर पोहणाऱ्या माशांची क्षणचित्रे त्यांना घेता आली. संचायक विद्युत् घटांवर चालणारे जलरोधी प्रज्योत दिवे वापरून त्यांनी रात्रीही चित्रे घेतली. १८९९ मध्ये सु. ५० मी. खोलीवर कॅमेरा व दिवे दोराने सोडून, विद्युत् चुंबकाने झडप उघडून वरूनच चित्र घेण्यात ते यशस्वी झाले. पाणबुडा न उतरवता घेतलेले हे चित्र पुढे खोल समुद्रात विकसित झालेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचे आद्य उदाहरण ठरते. त्याच वर्षी रूमानियन जीवशास्त्रज्ञ एमील राकोव्हित्सा यांचे पाणबुड्याच्या पोशाखातील छायाचित्र त्यांनी पाण्याखाली घेतले. ज्यात माणूस ओळखता येतो, असे हे आरंभीचे प्रसिद्ध चित्र होय. १९०० मध्ये बूतां यांनी आपल्या सर्व प्रयोगांचे विवेचन करणारा ग्रंथ पॅरिस येथे प्रसिद्ध केला.

त्यानंतर ते अन्य विषयांकडे वळले. इंडोचायनातील वैज्ञानिक कार्य, मोत्यांच्या उत्पत्तीचा अभ्यास व प्राध्यापकी यांत त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. त्यांचे तंत्र इतर प्रयोगशाळांनी तेव्हा फारसे उचलले नाही. एका चित्रासाठी नौका, पंप, अनेक माणसे व दिवसभराचा वेळ लागे. एवढा व्याप करून मिळालेल्या करड्या रंगाच्या चित्रात प्राण्याची जाती ओळखणेही पुष्कळदा कठीण जाई. वर्गीकरणाच्या दृष्टीने बरणीतील नमुनाच अधिक उपयोगी होता. छायाचित्राची खरी उपयुक्तता वर्तन व परिसर यांच्या अभ्यासात आहे आणि ते अभ्यास त्या काळी प्राणिशास्त्रात दुय्यम मानले जात.

रंगांचा वाद व छायाचित्राचे प्रमाण : विसाव्या शतकाच्या आरंभी जलांतर्गत चित्रांचा लोकांस परिचय झाला, तो मुख्यतः चित्रपटांमुळे. जॉन अर्नेस्ट विल्यम्सन यांनी नौकेतून खाली सोडलेल्या लवचिक नळीच्या तळाशी काचेची खिडकी असलेली खोली बसवून १९१४ मध्ये बहामा बेटांजवळ चलच्चित्रण केले. ज्यूल व्हेर्न यांच्या कादंबरीवरील १९१६ चा चित्रपटही याच साधनाने चित्रित झाला. छायाचित्रक पाण्यात भिजत नसला, तरी प्रेक्षकांना समुद्राचा तळ प्रथमच हलताना दिसला.

शास्त्रीय दृष्ट्या अधिक महत्त्वाचे काम अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यालगतच्या ड्राय टॉर्टुगस बेटांवर झाले. तेथील प्रवाळभित्तींवरचे भडक रंगांचे मासे हा जीवशास्त्रातील एक वादविषय होता. हे रंग शत्रूला इशारा देण्यासाठी आहेत की लपण्यासाठी, यावर मतभेद होते. विल्यम हार्डिंग लाँग्ली हे प्राध्यापक शिरस्त्राण घालून अनेक वर्षे या माशांमध्ये उतरत होते. परडीत वा बरणीत उठून दिसणारा मासा त्याच्या स्वतःच्या परिसरात, त्या खोलीवरच्या प्रकाशात, पुष्कळदा दिसेनासा होतो आणि परिसर बदलला की रंगही बदलतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पाहणारा एकटाच असेल, तर त्याच्या शब्दावर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा आधार घेतला. १९२६ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांच्यासह त्यांनी माशांची नैसर्गिक रंगांतील पहिली जलांतर्गत छायाचित्रे घेतली. ती १९२७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. ऑटोक्रोम काचपट्ट्यांना फार प्रकाश लागे. तो मिळविण्यासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावर मॅग्नेशियमाची पूड सु. अर्धा किलोग्रॅम एका वेळी पेटविली जाई आणि परावर्तक तिचा झोत खाली टाकी. एका स्फोटात लाँग्ली चांगलेच भाजले होते.

याच्या उलट उदाहरण विल्यम बीब यांचे आहे. त्यांनी बर्म्यूडाजवळ पोलादी गोलकात बसून १९३४ मध्ये ९२३ मी. खोली गाठली. खिडकीतून पाहिलेल्या माशांपैकी काहींना त्यांनी केवळ दर्शनावरून नवीन जातिनामेही दिली. त्या माशांची छायाचित्रे नव्हती. होती ती त्यांच्या वर्णनावरून चित्रकाराने काढलेली चित्रे. त्यांपैकी काही मासे नंतर कोणासही आढळलेले नाहीत आणि ती नावे मत्स्यशास्त्रात संशयास्पद राहिली आहेत. लाँग्ली यांनी कॅमेऱ्यासाठी एवढे हाल का सोसले, ते यावरून ध्यानात येते.

मुक्त पाणबुडे : वरून येणाऱ्या हवेच्या नळीने पाणबुड्याला एका जागी बांधून ठेवले होते. त्या बंधनातून छायाचित्रकार सुटला, तो १९३७ ते १९४३ या काळात. व्हिएन्नाचे हान्स हास (१९१९–२०१३) हे १९३७ मध्ये फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावर भाल्याने मासे मारण्याचा छंद शिकले. लवकरच त्यांनी भाल्याऐवजी कॅमेरा हाती घेतला. १९३९ मध्ये त्यांनी कॅरिबियन समुद्रातील क्यूरसाऊ व बोनेअर बेटांवर केवळ श्वास रोखून मारलेल्या बुड्यांत छायाचित्रण केले. पुढे ते प्राणवायूचे बंदिस्त श्वसनयंत्र वापरू लागले. त्यातून बुडबुडे निघत नसल्याने मासे बुजत नसत. पण खोल पाण्यात शुद्ध प्राणवायू विषारी ठरतो, हा त्याचा मोठा दोष होता. त्यांच्या पत्नी लोट हास या स्वतः निष्णात पाणबुड्या व छायाचित्रकार होत्या. तांबड्या समुद्रावरील १९५१ च्या त्यांच्या चित्रपटात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो (१९१०–९७) व अभियंता एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये संपीडित हवेचे मागणीनुसार हवा पुरविणारे श्वसनयंत्र तयार केले. त्यामुळे पाणबुडा खडकांच्या कड्यावरून खाली, कुरणांवरून आडवा, कपारीच्या आत असा माशासारखा हिंडू लागला. बूतां यांना एका तिवईभोवती दिसणारा किनारा आता एका बुडीत सलग पाहता येऊ लागला. कूस्तो यांचा ल्वी माल यांच्यासह केलेला ‘शांत विश्व’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट १९५६ मध्ये कॅन येथे सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्यातील दृश्ये मनोहारी आहेत. परंतु माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळभित्तीवर केलेला सुरुंगाचा स्फोट आणि शार्कांची हत्याही त्याच चित्रपटात आहे. पुढे समुद्रसंरक्षणाचे प्रवक्ते झालेल्या कूस्तो यांनाही त्या वेळी त्यात वावगे वाटले नव्हते. छायाचित्रण म्हणजे निरुपद्रवी शिकार, ही कल्पना रुजावयास आणखी काही काळ जावा लागला.

उपकरणांतील सुधारणा : दुसऱ्या महायुद्धानंतर दिमित्री रेबिकॉफ यांनी पाण्याखाली वापरावयाचा इलेक्ट्रॉनीय फ्लॅश तयार केला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांनी १९५३ पासून कूस्तो यांच्या ‘कॅलिप्सो’ नौकेवर खोल समुद्रातील फ्लॅश व कॅमेरे विकसित केले. सपाट खिडकीमुळे होणारे विपथन दूर करण्यासाठी आलेक्सांद्र इव्हानॉफ यांनी दुरुस्तीचे भिंग सुचविले. अर्धगोलाकार खिडकी वापरल्यानेही तोच लाभ होतो, कारण किरण तिच्या पृष्ठाला सर्वत्र जवळजवळ लंब दिशेने ओलांडतात. १९५४ मध्ये हास यांच्या सहकार्याने रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी ‘रोलिमारिन’ ही धातूची पेटी निघाली. बेल्जियन अभियंता झां द वूटेर्स यांनी पेटीची गरजच नसलेला, स्वतःच जलरोधी असलेला ‘कॅलिप्सो’ कॅमेरा रचला. निकॉन या जपानी कंपनीने तो १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ नावाने बाजारात आणला. हा कॅमेरा खिशात मावण्याजोगा असल्याने जलांतर्गत छायाचित्रण प्रयोगशाळेच्या बाहेर पडून हजारो हौशी पाणबुड्यांच्या हाती आले. या मालिकेचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. एका बुडीत छत्तीस चित्रे ही फिल्मची मर्यादा अंकीय कॅमेऱ्यांनी संपविली. पाण्याखालीच चित्र तपासता येत असल्याने उद्‌भासनाचे गणितही सुकर झाले. बूतां यांनी अनुभवलेले प्रकीर्णन मात्र जसेच्या तसे राहिले आहे. फ्लॅश भिंगापासून दूर, बाजूला धरावा, हा त्यावरचा आजही प्रचलित असलेला उपाय होय.

अभ्यासातील उपयोग : एकाच खडकाचे ठरावीक चौकटीतून वर्षानुवर्षे छायाचित्र घेतले, तर कोणता जीव वाढला, कोणता मेला व त्याची जागा कोणी घेतली, हे नमुना न उपटता कळते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर १९७० च्या दशकात ही पद्धत उभ्या कड्यांवर पद्धतशीरपणे वापरली गेली. १९९८ मध्ये अनेक उष्ण समुद्रांत प्रवाळांचे विरंजन झाले, तेव्हा त्यापूर्वीची छायाचित्रे जेथे उपलब्ध होती तेथेच हानीचे मोजमाप नेमके करता आले. ठिपके, पट्टे वा व्रण यांवरून एकेक प्राणी ओळखून त्याचा मागोवा घेण्यासही छायाचित्रे उपयोगी पडतात.

याची दुसरी बाजूही आहे. चित्रासाठी कपारीतील प्राणी काठीने बाहेर काढणे, गॉर्गोनियाच्या फांदीला धरून स्थिर होणे, पायांच्या परांनी तळ ढवळणे या गोष्टी लोकप्रिय स्थळी मोठ्या हानीस कारण झाल्या आहेत. बान्यूल्स व सेर्बेर यांमधील सु. ६५० हेक्टर समुद्र १९७४ मध्ये राखीव करण्यात आला. फ्रान्समधील सागरी जीवांसाठीचे ते पहिले राखीव क्षेत्र होय. भाल्याच्या शिकारीमुळे दुर्मिळ झालेला गोबरा जातीचा मोठा मासा संरक्षणानंतर तेथे पुन्हा वाढला आहे. ज्या तळावर बूतां यांची तिवई उभी राहिली, त्याच परिसरात आता छायाचित्रक पाणबुड्यांच्या गर्दीचे नियमन करावे लागते.

भारतीय किनारे : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या विषयाच्या शक्यता जागोजागी भिन्न आहेत. कच्छच्या आखातात ओहोटी इतकी मोठी असते, की पिरोटन बेटाभोवतीच्या प्रवाळभित्तीवर पायी हिंडून छायाचित्रे घेता येतात. रॉस्कॉफची आठवण करून देणारे हे ठिकाण १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झालेल्या क्षेत्रात मोडते. लक्षद्वीपच्या खाजणांतील पाणी नितळ असल्याने तेथे दूरवरची दृश्येही टिपता येतात. कोकणात तसे नाही. जांभ्याचे कडे, खडपे, खाड्यांची मुखे, खारफुटी व पुळणी यांमुळे किनारा विविध असला, तरी नद्यांचा गाळ आणि प्लवकांची विपुलता यांमुळे पाणी बहुधा गढूळ असते. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या चार महिन्यांत तर बुडी मारणेच धोक्याचे ठरते. उरलेल्या काळातही काही मीटरांपलीकडचे क्वचितच दिसते. त्यामुळे येथे जवळून घेतलेली लहान जीवांची चित्रेच अधिक साधतात. पाठीवर कल्ले वागविणाऱ्या बिनशिंपल्याच्या समुद्री गोगलगाई, खेकडे, समुद्रपुष्पे व खडकांना चिकटलेले प्रवाळ हे त्यांचे मुख्य विषय होत.

गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) सागरी जीवविज्ञानाबरोबरच द्वारका येथील जलांतर्गत पुरातत्त्वीय संशोधनातही छायाचित्रणाचा वापर केला. मालवणचा सु. २९ चौ. किमी. समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडक व त्यांवरील प्रवाळ येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या पाण्यात उतरणारे बहुतेक स्थानिक मच्छीमार वा संशोधक असत. त्यानंतर पर्यटकांसाठी बुडीची केंद्रे निघाली व त्या पाण्याची हौशी छायाचित्रे मोठ्या संख्येने घेतली जाऊ लागली. विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०५ किमी. अंतरावर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रे बँक हे बुडालेले प्रवाळयुक्त पठार आहे. त्याचा माथा पृष्ठाखाली वीस मीटरांहून अधिक खोल असल्याने ओहोटीतही ते उघडे पडत नाही. किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे तेथे गाळ पोहोचत नाही. अलीकडील मोहिमांत पाणबुड्यांनी तेथील प्रवाळ व मासे यांची चित्रे घेतली असून पठारावरील जीवांच्या याद्या करण्यास त्यांचा उपयोग होत आहे.